सिस्टर परदेशी जाणार असतील तर आयसीयू कसा सांभाळायचा

पुण्यात पन्नास-शंभर बेडचं हॉस्पिटल चालवणाऱ्यांसाठी आणि माझ्यासारख्या नर्सिंग इनचार्ज असणाऱ्यांसाठी लिहितेय. आयसीयूत तयार झालेल्या सिस्टर मोजक्याच असतात आणि त्यातली एक अचानक येऊन सांगते, मॅडम, व्हिसा आला, पुढच्या महिन्यात जर्मनी. मग ड्युटी लावताना नाकी नऊ येतात. महाराष्ट्र सरकारनेच २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केलाय, म्हणजे हे जाणं काही थांबत नाही, ते धरूनच कामाला लागा.

सगळ्यात आधी बाँडचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायच्या लेखी अटीचा, नाद सोडा. ओरिजनल सर्टिफिकेट अडकवून ठेवणं तर सरळ अन्याय आहे, ते आजच्या आज परत करा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बाँडमध्ये कितीही मोठा आकडा लिहिला तरी कोर्ट त्या आकड्याच्या आतली, वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं, त्यामुळे पैशांचीही खात्री नाही. आणि खरं नुकसान वेगळंच आहे, बाँडच्या भीतीने सिस्टर शेवटच्या दिवसापर्यंत काही बोलत नाही, आणि तुम्हाला नेमकी तीच माहिती सगळ्यात आधी हवी असते.

कारण जायचं ठरल्यापासून विमानात बसेपर्यंत बराच वेळ जातो. जर्मनीसाठी जर्मन भाषा आधी बी-वन (मधली पातळी), मग नर्स म्हणून पूर्ण मान्यतेला साधारण बी-टू (त्याच्या वरची) लागते, आणि नाईट करून बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा दुसऱ्या क्लासला जायचं म्हटलं की वर्ष सहज निघून जातं. गल्फला डेटाफ्लो (कागदपत्रांची पडताळणी) आणि प्रोमेट्रिक (कॉम्प्युटरवरची परीक्षा), यूकेला इंग्रजीची परीक्षा, सीबीटी (कॉम्प्युटरवरची परीक्षा) आणि तिकडे गेल्यावर ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा). हा जो मधला काळ आहे ना, तोच तुमचा ट्रेनिंगचा काळ, पण तो हाताला तेव्हाच लागतो जेव्हा ती मोकळेपणाने सांगते. म्हणून सगळ्यांसमोर स्पष्ट सांगून टाका की लवकर सांगितलंत तर क्लासप्रमाणे शिफ्ट लावू, एक्सपिरियन्स लेटर मागाल त्या आठवड्यात देऊ, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या गुड स्टँडिंगसाठी (नोंदणी नीट असल्याच्या दाखल्यासाठी) सुट्टी देऊ, आणि बदल्यात जायच्या आधी दोन ज्युनिअर तयार करून द्यायच्या. आणि हे बोललात की पाळा. पहिल्या सिस्टरने सांगितल्यावर तिचं इन्क्रिमेंट अडवलंत तर दुसरी कधीच सांगणार नाही.

आता शिकवायचं कसं, कारण "तिच्याबरोबर राहा, बघून शीक" एवढ्याने काही होत नाही. एक उदाहरण देते. पेशंटला आर्टेरियल लाईन आहे, म्हणजे सतत बीपी मोजायला धमनीत घातलेली नळी, कोणीतरी ड्रेसिंगसाठी बेड खाली केला, त्या नळीला जोडलेला दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर मात्र स्टँडवर होता तिथेच राहिला, म्हणजे तो आता हृदयाच्या वर गेला आणि मॉनिटरवर बीपी खोटं कमी दिसायला लागलं. ज्युनिअर घाबरून डॉक्टरांना फोन करते, नॉरअ‍ॅड हे बीपी वाढवणारं औषध वाढवायची वेळ येते. सिनिअर सिस्टर येते, काही न बोलता ट्रान्सड्यूसर चौथ्या बरगडीच्या फटीशी, छातीच्या बाजूच्या मध्यरेषेवर, म्हणजे हृदयाच्या पातळीला आणते, झिरो करते, लाईनच्या सलाईनवरची प्रेशर बॅग तीनशेवर (मिमी पारा) आहे का बघते आणि पुढच्या बेडला जाते. ते "काही न बोलता" आहे ना, तेच विद्येसकट विमानात बसतं.

म्हणून तिला बोलायला लावा. आधी ती करते आणि प्रत्येक गोष्ट का करते ते मोठ्याने सांगते, मग ज्युनिअर करते आणि ती सांगत राहते, मग ज्युनिअर करते आणि स्वतःच सांगते, आणि शेवटी ज्युनिअर तिसऱ्या कोणालातरी शिकवते तेव्हा सिनिअर फक्त बाजूला उभी राहते. ही शेवटची पायरी वगळू नका, शिकवताना जे अडखळतं ते अजून आलेलं नसतं. ज्युनिअरला काम येतं अशी सिनिअरची सही प्रत्येक कामाची वेगळी घ्या, व्हेंटिलेटरचे अलार्म, सक्शन, इन्फ्युजन पंप, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली), आणि "तीन महिने झाले, आता येत असेल" अशा हिशोबाने तर ती सही कधीच घेऊ नका. सिनिअर-ज्युनिअर दोघींना नाईटही एकत्र लावा, कारण रात्री विचारायला कोणी नसतं तेव्हाच खरं कळतं कोणाला काय येतं. नेहमी चुकणाऱ्या गोष्टी मराठीत एका पानावर लिहून बेडजवळ लावा.

पगाराचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. जर्मनीशी बरोबरी आपण करूच शकत नाही, पण माझं निरीक्षण असं की चार-पाच हजार जास्त मिळतात म्हणून बाणेर-हडपसरच्या मोठ्या हॉस्पिटलात जाणाऱ्या सिस्टर परदेशी जाणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि ते आपण नक्की कमी करू शकतो. आफ्रिकेतल्या मलावीत २००४ मध्ये सुरू झालेल्या योजनेत सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांना पगारावर ५२ टक्के वाढ दिली गेली, ब्रिटनच्या मदतीने, माणसं टिकावीत म्हणून, आणि सोबत ट्रेनिंगच्या जागाही वाढवल्या. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण प्रत्येक सहीमागे ठरलेली वाढ द्या, लगेच त्याच महिन्याच्या पगारात.

कोणी म्हणेल नर्सिंग कॉलेजं वाढली की प्रश्न मिटला. फिलिपिन्सने तर कित्येक दशकं बाहेर पाठवायलाच नर्सेस घडवल्या, तरी २०२० मध्ये कोविडमध्ये त्यांना जाणं थांबवावं लागलं आणि मग २०२१ साठी नव्याने जाणाऱ्यांवर ५,००० ची मर्यादा घालावी लागली. डिग्रीवाल्या भरपूर असल्या तरी आयसीयू चालवणाऱ्या हात धरूनच तयार कराव्या लागतात.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची संहिता आहे, ऐच्छिक आहे, पण त्यात नेणाऱ्या देशांनी देणाऱ्या देशांच्या ट्रेनिंगला हातभार लावावा असं आहे. एकट्या छोट्या हॉस्पिटलला कोणी विचारत नाही, म्हणून दोन-चार हॉस्पिटलं आणि एखादं नर्सिंग कॉलेज मिळून भरती करणाऱ्यांकडे थेट मागा: सरावासाठी पेशंटसारखा पुतळा (मॅनिकिन), भाषेच्या क्लासची फी, एखादा ट्रेनर.

सिस्टरलाही सांभाळा. एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते तिच्यासोबत बसून बघा, नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाखात मागत असेल तर तिच्या घरच्यांशीही बोला, बऱ्याचदा सोनं गहाण ठेवायची तयारी झालेली असते.

आणि शेवटचा पंधरवडा रिकामा ठेवा, तिला रोजच्या पेशंटमध्ये मोजू नका. व्हेंटिलेटरच्या सर्व्हिस इंजिनिअरचा नंबर, ऑक्सिजनवाल्याचा नंबर, कुठला पंप कधी अडतो, नार्कोटिक्सच्या कपाटाची चावी आणि रजिस्टर, हे सगळं लेखी हँडओव्हरमध्ये घ्या, खाली दोन्ही ज्युनिअरच्या सह्या, आणि तिचा तिकडचा नंबर वॉर्डच्या ग्रुपवर.