कुंडीतल्या पट्टीवर कुठलं नाव लिहायचं?

सक्युलंटच्या, म्हणजे पानात-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडाच्या, नावावरून वाद निघाला, की कोण बरोबर हे ठरवायच्या आधी वाद नेमका कशाचा आहे ते बघा. बेळगावच्या वडगावात माझी छोटी नर्सरी आहे. खानापूर, निपाणी, चंदगडकडून मराठी माणसं येतात, गोकाक-बैलहोंगलची मंडळी कन्नडात विचारतात. दोघांना एकच झाड दाखवायचं तर पट्टीवरचं लॅटिन नावच कामाला येतं. म्हणून ते नीट असावं हा माझा हट्ट.

काही वाद तारीख बघून मिटतात. कोरफडीची 'ॲलो व्हेरा' आणि 'ॲलो बार्बाडेन्सिस' ही दोन्ही नावं १७६८ सालची. 'व्हेरा' छापणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ बर्मनचं पुस्तक ६ एप्रिलला निघालं, 'बार्बाडेन्सिस' छापणाऱ्या मिलरचं १६ एप्रिलला. आधी छापलेलं नाव चालतं, असा नियम आहे. दहा दिवसांच्या फरकाने 'व्हेरा' जिंकलं. क्रीमच्या डबीवर अजून बार्बाडेन्सिस दिसतं, झाड तेच. असं असेल तर मागे पडलेलं नाव पट्टीच्या पाठीवर लिहा आणि मोकळे व्हा.

दुसऱ्या वादात झाडाबद्दल दुमत नसतं, त्याचं गोत, म्हणजे जीनस (लॅटिन नावातला पहिला शब्द), कुठलं यावर असतं. स्नेक प्लांटचं तसंच झालं. डीएनए तपासला तेव्हा सान्सेव्हिएरिया ड्रासीनाच्या पोटातच निघाली. मग एक तर ड्रासीनाचे तुकडे करायचे, नाहीतर सान्सेव्हिएरिया तिच्यात मिसळायची. मिसळली. ड्रासीना हे नाव १७६७ चं, सान्सेव्हिएरिया १७९४ चं, म्हणून जुनं राहिलं. आता 'ड्रासीना ट्रायफॅसिआटा (प्रेन) मॅबर्ली' असं वाचायला मिळतं. यातला कंस वाचायची सवय लावून घ्या: कंसातल्या प्रेनने १९०३ मध्ये या जातीला नाव दिलं, कंसाबाहेरच्या मॅबर्लीने २०१७ मध्ये ती दुसऱ्या जीनसमध्ये हलवली. एवढ्यावरून झाडाचा निम्मा इतिहास कळतो.

आपल्या सह्याद्रीतल्या शिंदळ माकुडीची फरफट याहून मोठी. डाल्झेलने १८६५ मध्ये तिला 'फ्रेरिया इंडिका' म्हटलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. १९५८ मध्ये रॉलीने तिला कॅरालुमात, म्हणजे माकडशिंगांच्या गोतात घातलं. पण 'कॅरालुमा इंडिका' हे नाव आधीच दुसऱ्या झाडाला दिलेलं, म्हणून ती 'कॅरालुमा फ्रेराय' झाली. पुढे कोणी तिला बौसेरोसियात नेलं, आणि २०१७ मध्ये ब्रायन्स आणि सहकाऱ्यांनी हा सगळा गोतावळाच सेरोपेजियात ओतला. अभ्यासकांचं यावर अजून एकमत नाही. मी पट्टीवर फ्रेरियाच ठेवते. माकडशिंगासारख्या खोडाला पावसाळ्यात चांगली रुंद पानं फुटतात, तिचं हे वेगळेपण नावात दिसावं असं मला मनापासून वाटतं. मात्र बाकीची नावं मागे असतातच. आणि एक सांगते, गडाच्या कड्यावरून उपटून आणलेली माकुडी मी कितीही पैसे दिले तरी घेत नाही. फांदीपासून केलेलं रोपच घ्या.

तिसरा वाद खरा नुकसानीचा, कारण तिथे झाडच चुकीचं ओळखलेलं असतं. पांढऱ्या पट्ट्यांचं झेब्रा रोप बाजारात 'हावर्थिया फॅसिआटा' म्हणून विकतात. त्या एका नावात दोन भांडणं आहेत. हावर्थियाचं हावर्थिऑप्सिस झालं ते २०१३ मध्ये, रॉलीनेच वेगळं काढलं म्हणून. तो गोताचा प्रश्न, कुठलंही लिहा. पण फॅसिआटा की ॲटेन्युआटा, हे बोटानेच ठरवा. पान हलकेच धरा आणि आतल्या, म्हणजे रोपाच्या मध्याकडे वळलेल्या बाजूवरून अंगठा फिरवा. बाहेर खरखरीत आणि आत गुळगुळीत लागलं तर फॅसिआटा. आतही बारीक दाणे लागले तर ॲटेन्युआटा. विकायला येतात त्यातली बहुतेक ॲटेन्युआटाच असतात. एका पानावर निकाल देऊ नका, दोन-चार पानं बघा, आणि कोवळ्या पिल्लांवर तर अजिबात नको.

हे झालं की पट्टी लिहा. आपल्या बेळगावचा पाऊस मार्कर ठेवत नाही, आणि जे पावसातून वाचतं ते एप्रिलचं ऊन खातं. खरखरीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहा, टिकतं. पुढच्या बाजूला आज तुम्ही मानता ते नाव आणि एक नंबर. मागे जुनी नावं. वहीत त्याच नंबरापुढे रोप कोणाकडून आलं, कधी आलं आणि येताना त्यावर काय लिहिलं होतं, ते जसंच्या तसं उतरवा, अगदी चुकीचं वाटलं तरी. नाव परत बदललं तर पुढची बाजू खोडरबराने पुसा. वहीतल्या ओळीला हात लावू नका, तिच्याखाली नवी ओळ घाला. पिल्लं वेगळी कराल तेव्हा प्रत्येकाच्या कुंडीत आईचाच नंबर घाला.