‘मी सांगितलं होतं’ एवढं पुरत नाही: नोकरीत नव्याने आलेल्यांसाठी

नोकरीची पहिली काही वर्षं तुम्ही कोणाच्या तरी हाताखालीच काढणार आहात. तरी मुलाखतीच्या तयारीपासून ऑफिसच्या ट्रेनिंगपर्यंत धडे मिळतात ते नेतृत्वाचे. हाताखाली राहून चांगलं काम कसं करायचं, हे फारसं कोणी शिकवत नाही. लेविन, हर्सी-ब्लँचर्ड वगैरेंचे नेतृत्वाबद्दलचे सिद्धांत कानावर आले असतील, त्यात शिरत नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट केली यांची मांडणी मात्र बघा. १९८८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये त्यांनी अनुयायांबद्दल लिहिलं आणि दोनच कसोट्या लावल्या: माणूस स्वतःच्या डोक्याने विचार करतो का, आणि कामात आपणहून पुढे होतो का. दोन्ही करणारा माणूस कुठल्याही टीमचा आधार असतो. नुसताच पुढे पुढे करतो तो होयबा. आणि ज्याला सगळं दिसतं, कळतं, पण जो हात आखडून बसतो, तो हळूहळू सगळ्यांपासून तुटत जातो.

मी त्या शेवटच्या गटाकडे सरकत होते. ते लक्षात यायला वेळ लागला, कारण ‘आपण बोलतो’ अशी माझी ठाम समजूत होती. सापळा इथेच आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

बिलिंगच्या एका सॉफ्टवेअरचं काम चालू होतं. मॅनेजरने विचारलं, “शुक्रवारी देतोय ना?” मी म्हटलं, “हो, म्हणजे थोडं टाइट होईल, पण बघू.” हे बोलताना माझ्या डोक्यात बरंच काही होतं: टेस्टिंग करणारा सहकारी रजेवर आहे, जुन्या ग्राहकांच्या सवलतीचा हिशोब कोणी तपासलेला नाही, तिथे गडबड निघणार. यातलं तोंडातून किती बाहेर पडलं? काहीच नाही. मॅनेजरने ‘हो’ ऐकलं आणि वर कळवून टाकलं. पुढच्या आठवड्यात चुकीची बिलं ग्राहकांकडे गेली. नंतरच्या बैठकीत मी म्हटलं, “मी सांगितलं होतं.” त्याला खरंच आठवेना. तो खोटं बोलत नव्हता. मी मात्र ‘इथे कोणी ऐकतच नाही’ ही अढी मनात धरून पुढे कितीतरी दिवस गप्प राहिले.

शंका मऊ करत करत आपण इतकी मऊ करतो की समोरच्याला ती शंका वाटतच नाही, आणि आपल्या मनात मात्र ‘सांगितलं’ अशी नोंद पक्की होते. वरिष्ठांचा मान राखायच्या नादात हे होतं, त्यामुळे ते चूक वाटतही नाही. ‘बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं’, ‘माझं आपलं एक मत’, ‘जमेल का पण?’ ही वाक्यं स्वतःच्या तोंडून ऐकू आली की सावध व्हा.

हे फक्त ऑफिसपुरतं नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्या अपघाताला कारणं अनेक होती. पण त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाने वेग घेतला तेव्हा त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, पॅन ॲमचं (म्हणजे दुसरं) विमान अजून धावपट्टीवरून बाहेर पडलेलं नाही का? त्याने शंका प्रश्नाच्या रूपात मांडली. कॅप्टन हा कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक. त्याने ठामपणे ‘पडलंय’ असं उत्तर दिलं आणि विषय तिथेच संपला. अशा अपघातांच्या अभ्यासातून १९७९ पासून वैमानिकांच्या प्रशिक्षणाची एक वेगळी पद्धत उभी राहिली. कनिष्ठाने स्पष्ट बोलायचं आणि कॅप्टनने ते ऐकून घ्यायचं, दोन्ही गोष्टी तिथे शिकवल्या जातात.

मग बोलायचं कसं? मी आता असं बोलते: “शुक्रवारी दिलं तर सवलतीचा हिशोब न तपासता जाईल आणि चुकीची बिलं जायचा धोका आहे. मंगळवारपर्यंत वेळ मिळाला तर तपासून देते. शुक्रवारच हवा असेल तर सवलतीचा भाग बंद ठेवून देऊ. यातलं काय करायचं?” काय बिघडेल, कशामुळे, पर्याय कोणते, आणि शेवटी निर्णय त्यांचा. यात उद्धटपणा कुठेच नाही. सुरुवातीला आवाज कापतो, कापू दे. वाक्य आधी कागदावर लिहून घ्या आणि सरळ वाचून दाखवा, कोणाला काही वाटत नाही.

एकट्याने बोलायची भीती वाटत असेल तर आधी दुसरा आवाज व्हा. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगात लोकांना दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते शॉक द्यायला सांगितलं जायचं. मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले होते. (शॉक खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) ज्या फेरीत शेजारी बसलेल्या दोघांनी उघड नकार दिला, त्या फेरीत ४० पैकी शेवटपर्यंत गेले फक्त ४. बैठकीत कोणी अडचणीचा मुद्दा काढला आणि तुम्हाला तो पटत असेल, तर तिथेच “मलाही हेच वाटतंय” म्हणा. बाहेर आल्यावर पाठ थोपटून त्याचा काही उपयोग नाही.

आणि निर्णय विरुद्ध गेला तर? कायद्याचा, सुरक्षिततेचा किंवा फसवणुकीचा प्रश्न असेल तर मागे हटू नका. लेखी द्या, गरज पडली तर आणखी वर जा. बाकी सगळ्या बाबतीत मात्र आपलंच काम असल्यासारखं झोकून द्या. आपलं ऐकलं नाही म्हणून अर्ध्या मनाने काम करणं आणि ते फसायची वाट बघणं मला अक्षम्य वाटतं.

दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिरांवर माझा विश्वास नाही. प्रमाणपत्र मिळतं, पण सोमवारी मॅनेजरसमोर तुम्ही तितकेच गप्प असता. मार्गदर्शकही फार वरचा शोधू नका. तुमच्या दोन-तीन वर्षं पुढे असलेली, तुमची वाक्यं ऐकून ‘यात तू काहीच सांगितलं नाहीस’ असं तोंडावर म्हणणारी व्यक्ती मिळाली तर तिला सोडू नका.

पुढे टीम लीड झालात की हीच मऊ वाक्यं तुमच्या कानावर येतील. “बघू” ऐकलं की थांबा आणि विचारा, “काय अडेल असं वाटतंय?” आपलं मत शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर नवी मुलं त्यालाच मान डोलावतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

घरात हे जास्त अवघड जातं, कारण तिथे पदं ठरलेली नसतात. बाबांच्या आजारपणात सगळं दादा ठरवत होता आणि आम्ही बहिणी “तू म्हणशील तसं” म्हणत होतो. आम्हाला तो विश्वास वाटायचा. त्याला वाटायचं की आपल्याला एकटं सोडलंय. एका रात्री तो चिडून हे बोलला, तेव्हा कळलं. मग आम्ही कामं वाटून घेतली. डॉक्टरांशी दादा बोलणार, विम्याची कागदपत्रं आणि पैशांचं धाकटी बघणार आणि तिथे दादानेही तिचं ऐकायचं, रात्री थांबायचं माझ्याकडे. उपचारांबद्दल कोणाला काही खटकलं तर ते डॉक्टरांना भेटायला जाण्याआधी दादाला सांगायचं, भेट झाल्यावर जिन्यात नाही.