खर्चीच्या सुताचा हिशेब: आपल्या धंद्यापुरते सॉफ्टवेअर कसे करून घ्यावे

इचलकरंजीतील कापडाच्या पेढीवर महिनाअखेरीस डोकावले, तर संगणकावर हिशेबाचे नामांकित सॉफ्टवेअर चालू असते आणि त्याच टेबलावर दिवाणजी लांब वही उघडून खर्चीवाल्यांच्या, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकांच्या, सुताचा हिशेब हाताने जुळवत असतात. बिले, जीएसटी आणि बँकेचा मेळ संगणकात असतो. कोणत्या यंत्रमागधारकाकडे किती सूत गेले, त्यातून किती कापड आले आणि किती सूत त्याच्या अंगावर राहिले, हे मात्र वहीत असते. तयार सॉफ्टवेअरमध्ये ज्या प्रश्नाला जागा नाही, त्यासाठी ही वही टिकली आहे. स्वतःच्या धंद्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर करून घ्यायचे असेल, तर तेवढ्याच प्रश्नासाठी करून घ्यावे, असे माझे मत आहे. ते कसे करून घ्यावे, हे येथे खर्चीच्या व्यवहारावरून सांगितले आहे. उदाहरणातले आकडे समजुतीपुरते धरले आहेत.

प्रश्न नेमका कोठे आहे

व्यापारी सूत घेतो, सायझिंगमधून (सुताला खळ देणाऱ्या कारखान्यातून) ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, बिमे (मोठे रूळ) भरून घेतो आणि ती बिमे व बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताची बाचकी (पोती) खर्चीवाल्या यंत्रमागधारकाकडे पाठवतो. वहिफणी (ताण्याचे धागे वही-फणीतून ओवणे) होऊन बीम मागावर चढते, कापड विणले जाते, ताके (कापडाचे लांब तुकडे) परत येतात आणि मजुरी पीक (एका इंचातले आडवे धागे) व मीटरवर ठरते. ६० पिकाच्या कापडाला प्रतिपीक ६ पैसे दर धरला, तर मीटरला ३ रुपये ६० पैसे होतात. हा गुणाकार कोणतेही सॉफ्टवेअर करते. अडचण सुताच्या जमाखर्चात आहे, कारण सूत किलोत जाते आणि कापड मीटरमध्ये येते.

एका इंचात ६० पीक आणि फणीतला पन्हा (कापडाची रुंदी) ६३ इंच असेल, तर एक मीटर कापडाला बाण्याचे ६० गुणिले ६३, म्हणजे ३,७८० मीटर सूत लागते. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तो सुताचा काउंट (काउंट कमी तितके सूत जाड), या व्याख्येवरून मीटरला ०.५९०५ ने गुणून काउंटने भागले की ग्रॅम मिळतात. ४० काउंटच्या सुतासाठी हे उत्तर ५५.८ ग्रॅम येते. हजार मीटर कापडाला ५५.८ किलो. त्यावर दोन टक्के घट (विणताना वाया जाणारे सूत) मान्य केली, तर साधारण १ किलो १०० ग्रॅमची सूट होते.

आता आलेल्या लॉटमधले (सुताच्या एका खेपेतले) सूत प्रत्यक्षात ४० ऐवजी ३९ काउंटचे निघाले असे समजू. त्याच हजार मीटर कापडाला ५७.२ किलो सूत लागेल, म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम जास्त. एका काउंटच्या फरकाने घटीची सगळी सूट संपते आणि वर तीनशे ग्रॅम विणकराच्या नावे तूट दिसते, जरी त्याने एक कांडीही इकडची तिकडे केलेली नसली तरी. हवेतील ओलाव्याचा परिणाम यात आणखी मिसळतो. कापसाच्या सुताचे व्यापारी वजन साडेआठ टक्के ओलावा धरून मोजतात, पण गोदामातले सूत एप्रिलच्या कोरड्या हवेत हलके आणि जुलैत जड भरते. अनुभवी दिवाणजी हे सर्व जाणून असतात. म्हणूनच ते वहीत एखाद्या खर्चीवाल्याच्या नावापुढे ‘लॉट जाडा होता, सोडले’ असे लिहून ठेवतात. तयार सॉफ्टवेअरमध्ये एका वस्तूला ठरावीक कच्चा माल जोडता येतो, पण लॉटनुसार बदलणारा काउंट आणि त्यावरून माफ केलेली तूट यांना तेथे जागा नसते.

पहिला आठवडा संगणकाशिवाय

प्रोग्रामरला बोलावण्यापूर्वी एक बाचके गोदामातून निघाल्यापासून त्याचा ताका होऊन परत येईपर्यंत त्याचा माग काढावा. वाटेत लागलेला प्रत्येक कागद गोळा करावा: सुताची पावती, सायझिंगचे बिल, बिमाची चिठ्ठी, चलन, ताक्यांची नोंदवही, मेंडिंगमध्ये काढलेल्या दोषांचा तपशील आणि शेवटी मजुरीचे बिल. प्रत्येक कागदाविषयी तो कोण लिहितो, कोण वाचतो आणि तो नसता तर काय अडले असते, एवढेच विचारावे. ज्याचा वाचणारा कोणीच नाही असा कागद हमखास सापडतो. त्याला संगणकात आणू नये.

दिवाणजींना ‘तुमची पद्धत काय’ असे विचारल्यास ते नियम सांगतील, आणि नियम सगळीकडे जवळपास सारखेच असतात. त्याऐवजी ‘हिशेबावरून शेवटचे भांडण कधी झाले आणि ते कसे मिटले’ असे विचारावे. अर्धे बीम मागावर असताना क्वालिटी (कापडाचा प्रकार) बदलली तेव्हा काय केले, उरलेला बाणा पुढच्या क्वालिटीला ओढला तेव्हा तो कोणत्या दराने धरला, एकाच शेडमध्ये दोन व्यापाऱ्यांचे सूत होते आणि बाचके चुकून दुसऱ्याच मागावर लागले तेव्हा भरपाई कोणी दिली, अशी पंधरा-वीस उदाहरणे तारखेसह लिहून घ्यावीत. ही यादी प्रोग्रामरला दिलेल्या कोणत्याही आराखड्यापेक्षा उपयोगी पडते, कारण सॉफ्टवेअर बिघडते ते याच ठिकाणी.

काय करून घेऊ नये

खातेवही, जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद), पगारपत्रक यांपैकी काहीही नव्याने लिहून घेऊ नये. कायदा बदलला की तयार सॉफ्टवेअरवाल्यांना ते सर्व ग्राहकांसाठी बदलावेच लागते. आपल्या एकट्याच्या प्रोग्रामसाठी तो खर्च आपल्याला एकट्याला पडतो. पेढी खासगी मर्यादित कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची पुसता न येणारी नोंद राहणे बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी घरच्या प्रोग्रामवर ओढवून घेण्यात शहाणपण नाही. नव्या सॉफ्टवेअरने मजुरीचा अंतिम आकडा आणि चलनांचा तपशील तयार करून टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामकडे द्यावा आणि तेथे थांबावे.

कायद्याचा एक भाग मात्र सुताच्या हिशेबाला थेट चिकटलेला आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कसाठी (खर्ची हे त्यातलेच) पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असे धरले जाते. अशा मालाचे आयटीसी-०४ हे विवरणपत्र पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांना वर्षातून दोनदा आणि इतरांना एकदा भरावे लागते. खर्चीवाल्याच्या अंगावर ‘चालत आलेली’ सुताची शिल्लक वहीत वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते. तिच्यात कोणते सूत कोणत्या तारखेचे, हे वही सांगू शकत नाही. प्रत्येक बाचक्याला आणि बिमाला पाठवल्याच्या तारखेसह स्वतःचा क्रमांक असला की दहा महिने झालेला माल सॉफ्टवेअरने आपणहून दाखवावा, ही मागणी पहिल्याच दिवशी नोंदवावी. ई-वे बिलाबाबत महाराष्ट्रात जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरच्या आत नेल्या जाणाऱ्या सूत व कापडाला २०१८ मध्ये सूट दिली गेली आहे. तिची आजची स्थिती कर सल्लागाराकडून तपासून मगच ती सॉफ्टवेअरमध्ये घालावी.

मागणी गणितात लिहावी

‘सुताचा स्टॉक अचूक दिसावा’ हे वाक्य मागणी म्हणून निरुपयोगी आहे, कारण अचूक म्हणजे काय यावरच दिवाणजी आणि प्रोग्रामर यांचे एकमत नसते. त्याऐवजी गेल्या वर्षातले, दोन्ही बाजूंनी मान्य होऊन मिटलेले वीस हिशेब निवडावेत. त्यांतले निम्मे सरळ असावेत, निम्मे भांडणाचे. प्रत्येकाचे सुरुवातीचे आकडे आणि शेवटचे उत्तर कागदावर मांडावे. सॉफ्टवेअरने हे वीस हिशेब रुपया-ग्रॅमपर्यंत तसेच काढून दाखवावेत, किंवा फरक का आला हे दोघांना पटेल असे दाखवावे. त्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. कधी कधी या प्रयत्नात वहीतलीच जुनी चूक सापडते. ती खर्चीवाल्याच्या नुकसानीची असेल तर ती आधी भरून द्यावी. पुढे हेच लोक नव्या पद्धतीवर विश्वास ठेवणार आहेत.

काही गोष्टी प्रोग्रामरला स्पष्ट सांगाव्या लागतात. काउंट हा क्वालिटीचा गुण नसून लॉटचा आहे, त्यामुळे छापील काउंट आणि तपासणीत आलेला काउंट असे दोन रकाने हवेत. ताण्याच्या लांबीतून विणताना किती टक्के आखडते, हे क्वालिटीनुसार वेगळे ठेवता यावे. झालेली नोंद खोडता येऊ नये. चूक असेल तर उलटी नोंद करून नवी करावी, जशी वहीत करतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, तूट माफ करण्याचा अधिकार मालकाकडे राहावा व त्यासाठी कारणाचा रकाना असावा. सॉफ्टवेअरने तूट मोजावी, तिचा निकाल देऊ नये. ‘लॉट जाडा होता, सोडले’ या शेऱ्याला जागा नसलेला प्रोग्राम कितीही देखणा असला तरी त्याच्या शेजारी महिन्याभरात पुन्हा वही उघडली जाईल.

नोंद कोठे आणि कोण करणार

कारखान्यात मागांचा आवाज असा असतो की फोनवर बोलून काही भरणे शक्य नाही, सुताचा बारीक तूस सगळीकडे बसतो आणि वीज गेली की इंटरनेटही जाते. म्हणून संगणकाऐवजी साधा अँड्रॉइड फोन, नेट नसताना नोंद साठवून नंतर पाठवणारा प्रोग्राम, मराठीत मोठी बटणे आणि एका पडद्यावर एकच प्रश्न अशी रचना करून घ्यावी. फोल्डिंग (कापडाच्या घड्या घालणे) होतानाच ताक्यावर बारकोडची चिठ्ठी लागली, तर नंतरचे बहुतेक टंकलेखन वाचते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा असे करारात लिहावे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या खर्चीवाल्यांच्या याद्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, नाहीतर नाव शोधताच येत नाही आणि एकाच माणसाची तीन खाती तयार होतात.

करारात काय असावे

येथे बहुतेक छोटे व्यापारी फसतात, आणि फसवणारा असतोच असेही नाही. पैसे दिले म्हणजे प्रोग्राम आपला झाला, हा समज चुकीचा आहे. बाहेरच्या माणसाकडून प्रोग्राम लिहून घेतला, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याचा राहतो. तो आपल्याकडे यायचा तर लेखी व सही केलेले हस्तांतरण लागते, आणि कलम १९ नुसार त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. म्हणून करारात हक्काचे पूर्ण हस्तांतरण, त्याची मुदत आणि क्षेत्र स्पष्ट लिहावे, आणि मूळ कोड प्रत्येक हप्त्याच्या वेळी आपल्या ताब्यात घ्यावा. पैशाचे हप्ते महिन्यांवर ठरवण्याऐवजी वर सांगितलेल्या वीस हिशेबांवर ठरवावेत: पाच जुळले की एक हप्ता, दहा जुळले की दुसरा. शेवटचा हप्ता दोन महिने प्रत्यक्ष वापर झाल्यावर द्यावा. सर्व माहिती कोणत्याही दिवशी साध्या एक्सेल फाइलमध्ये काढून घेता यावी, ही अट असली की प्रोग्रामर बदलावा लागला तरी धंदा थांबत नाही. वार्षिक देखभालीचा दर सुरुवातीलाच ठरवावा, कारण काम झाल्यावर घासाघीस करण्याची ताकद आपल्याकडे उरत नाही.

सुरुवात लहान आणि शांत काळात

दिवाळीच्या तोंडावर सुरुवात करू नये. एक क्वालिटी आणि चार-पाच खर्चीवाले निवडावेत, दोन महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवावेत. दिवाणजींना या काळात दुहेरी काम पडते, त्याचे वेगळे पैसे त्यांना द्यावेत. ते न दिल्यास फोनमधल्या नोंदी रविवारी एकत्र, आठवून भरल्या जातात आणि सगळा प्रयोग निरर्थक होतो. दर आठवड्याला दोन्हीकडची शिल्लक समोरासमोर ठेवावी. फरक आला तर सॉफ्टवेअरच चुकले असे गृहीत धरू नये, वहीच बरोबर असेही नाही. ते बाचके प्रत्यक्ष मोजून पाहावे.

खर्चीवाल्यालाही त्याचा हिशेब दिसला पाहिजे. बीम संपले की लॉटचा काउंट, अपेक्षित सूत, लागलेले सूत, मान्य घट आणि मजुरी एवढे एका पानावर त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जावे, आणि तीन दिवसांत हरकत घेण्याची सोय असावी. व्यापाऱ्यांना हा भाग सहसा नको असतो, कारण हिशेब उघडा केला की घासाघिशीची जागा कमी होते. माझ्या मते हाच भाग आधी करून घ्यावा. एरवी सहा महिन्यांनी उभे राहणारे भांडण यामुळे बीम उतरल्याच्या आठवड्यात मिटते, जेव्हा सूत अजून शेडमध्ये असते आणि मोजता येते.

दोन महिन्यांनंतर आकडे जुळू लागले की एकेक क्वालिटी वाढवत न्यावी आणि ज्या क्वालिटीचा हिशेब पूर्ण हलला, तिचीच वही बंद करावी. बंद केलेल्या वह्या आणि चलने मात्र टाकू नयेत: जीएसटी कायद्यानुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने त्या जपून ठेवाव्या लागतात.