लढाईचं प्रकरण वाचताना या चुका टाळा, नाहीतर मेलेला राक्षस उठून घरी जाईल

माझ्या भाच्याने सुट्टीत मला एक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथेचं पुस्तक, वाचायला दिला. उघडला आणि पहिल्याच पानावर राक्षस आडवा पडलेला. पुढच्या पानावर तो उठून बसला. मग त्याच्या छातीतून तलवार आपोआप बाहेर आली, नायकाने ती निमूटपणे म्यानात घातली, दोघांनी एकमेकांना थोड्या शिव्या दिल्या आणि आपापल्या वाटेने चालते झाले. मला गोष्ट फार आवडली. जपानी लोक किती शांतताप्रिय, असं मी बोलूनही दाखवलं.

"मामा, तू उलटं वाचतोयस," भाचा म्हणाला.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी लढाईची प्रकरणं वाचताना करता येतील तेवढ्या चुका करून झालो आहे. मांगातली बाकीची पानं चुकत-माकत वाचली तरी चालतात. दोन मुलं शाळेच्या गच्चीवर डबा खात असतील तर चौकटी मागेपुढे झाल्याने काय बिघडतं? डबा संपतोच. लढाईत मात्र कोणी कोणाला मारलं हाच प्रश्न असतो.

चूक पहिली: आपल्या बाजूने सुरुवात करणे

आपण ज्याला मलपृष्ठ म्हणतो तिथून पुस्तक उघडायचं, पानं उजवीकडून डावीकडे, चौकटीही तशाच, आणि वरून खाली. उर्दू पुस्तक हाताळलेलं असेल त्याला अर्धं काम सोपं. खरी गंमत अशी की आपल्या हातात येतो तो बहुतेक वेळा इंग्रजी अनुवाद. म्हणजे चौकटी उजवीकडून डावीकडे आणि संवादाच्या फुग्यातली अक्षरं डावीकडून उजवीकडे. डोळ्यांची कवायतच. बऱ्याच पुस्तकांत आपल्या 'पहिल्या' पानावर 'थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने आलात' अशा अर्थाची पाटी असते. मी ती जाहिरात समजून उलटली होती.

घोटाळा होतो तो एका ठिकाणी. उजवीकडे एक उभी लांब चौकट आणि डावीकडे एकावर एक दोन छोट्या. आधी उजवी लांब, मग डावी वरची, मग डावी खालची. आणि शंका आलीच तर चौकटींमधल्या पांढऱ्या पट्ट्या बघा. दोन ओळींमधली आडवी पट्टी सहसा रुंद असते आणि शेजारच्या दोन चौकटींमधली उभी पट्टी अरुंद. रुंद पट्टी म्हणजे 'इथं थांबा, आधी ही ओळ संपवा'. ही एक गोष्ट कळली आणि माझे राक्षस वेळेवर मरायला लागले.

'मग सरळ आरशातल्यासारखं उलटवून का छापत नाहीत?' असं विचारणारे काका प्रत्येक घरात असतात. छापत होते हो. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात पानं उलटवूनच छापायचे. त्यामुळे सगळे योद्धे एका रात्रीत डावखुरे झाले आणि तलवारी डाव्या कमरेवरून उजव्या कमरेवर गेल्या. त्याहून वाईट म्हणजे किमोनो, तो जपानी झगा. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी कड उजवीवर येते. उजवी डावीवर आणतात ती फक्त प्रेताला नेसवताना. म्हणजे पान उलटवलं की अख्खी फौज तिरडीवरून उठून आल्यासारखी लढणार.

हिरोआकी सामुरा यांच्या 'ब्लेड ऑफ द इमॉर्टल'ची अडचण तर आपल्याला चटकन कळेल. त्यातल्या न मरणाऱ्या तलवारबाजाचं नाव मांजी, म्हणजे स्वस्तिक, आणि त्याच्या पाठीवर ते चिन्हही आहे. पान उलटवलं की चिन्हाचे हात फिरणार आणि पाश्चात्त्य वाचकाला भलतंच काहीतरी आठवणार. म्हणून इंग्रजी आवृत्तीत पानं सरसकट न उलटवता चौकटी कापून नव्याने मांडल्या. एका पाठीसाठी एवढी कात्रणं! घराच्या उंबऱ्यावर रोज तेच चिन्ह काढणाऱ्या आपल्या लोकांना हा सगळा खटाटोप वाचून हसावं की हळहळावं ते कळत नाही.

चूक दुसरी: घड्याळ लावून बसणे

आकिरा तोरियामा यांच्या 'ड्रॅगन बॉल'मध्ये फ्रीझा नावाचा खलनायक एका ग्रहाच्या गाभ्यावर घाव घालतो आणि जाहीर करतो की आता पाच मिनिटांत ग्रह फुटणार. हे १९९१ सालचं. त्यानंतर अंकामागून अंक निघाले, आठवड्यांमागून आठवडे गेले, तो आणि नायक उडाले, आदळले, एकमेकांना दम देऊन झाला, टोमणे मारून झाले, आणि ग्रह आपला पाच मिनिटं धरून बसलेला. जपानी मुलं तेव्हापासून त्यावर हसतात आणि तरीही वाचतात.

आपण यावर हसायच्या आधी जरा थांबावं. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी, शंख फुंकून झालेले, आणि मधोमध रथ थांबवून १८ अध्याय, ७०० श्लोक. एकाही सैनिकाने 'अहो, जरा आटपा' म्हटल्याची नोंद नाही. योगायोग बघा, 'नारुतो' ही मांगा-मालिकाही १९९९ ते २०१४ चालून बरोबर ७०० प्रकरणांवर संपली. तेव्हा ज्या समाजाने दूरदर्शनवर दोन बाणांची हवेत भेट होईपर्यंत श्वास रोखून वाट पाहिली, त्याने जपान्यांना मिनिटं मोजून दाखवू नयेत.

उपाय सोपा आहे. लढाईतला संवाद ओठांनी बोलला जातोय असं धरूच नका. तलवार खाली येते आहे तेवढ्या वेळात माणसाच्या डोक्यात जे येऊन जातं, ते फुग्यात लिहिलेलं असतं. जिन्यावरून पाय घसरला की खाली पोचेपर्यंत आपल्याला दुधाचं बिल, डॉक्टरांची फी आणि बायको काय म्हणेल हे सगळं आठवतंच की.

चूक तिसरी: आवाजांवरून उडी मारणे

पानभर पसरलेली ती जाड, वाकडी जपानी अक्षरं नक्षी नव्हेत. 'डोन' म्हणजे धाडकन. 'गोगोगोगो' म्हणजे काहीतरी भयंकर जवळ येत आहे, त्याची घरघर. आणि एक अक्षरसमूह आहे 'शीऽन'. तो शांततेचा आवाज आहे.

शांततेला कसला आवाज, असं इंग्रजी वाचक विचारतो. मराठी वाचकाने विचारू नये. आपल्याकडे तारे लुकलुकतात, तलवारी लखलखतात, आणि पाहुणे आल्यावर पोरं टकामका बघत बसतात. यातल्या एकाचाही आवाज येत नाही, तरी कानाला सगळं ऐकू येतं. मराठी आणि जपानी या दोन भाषांची या बाबतीत अशी काही जोडी जमते, की हे मांगा इंग्रजीतून वाचावे लागतात याचं मला राहून राहून वाईट वाटतं. 'सपकन', 'खच्चकन', 'खणखण', 'भेलकांडणे' असा दारूगोळा भरलेला असताना आपण बिचाऱ्या एकट्या 'बूम'वर भागवतो.

तेव्हा अक्षरं वाचता आली नाहीत तरी आकार बघा. टोकदार असतील तर वार लागला. थरथरत असतील तर अजून लागायचा आहे.

चूक चौथी: धुरावर विश्वास ठेवणे

ही सगळ्यात महागडी चूक. नायक सर्व शक्ती पणाला लावून घाव घालतो, पानभर उजेड, मग धूर. बाजूला उभा असलेला कोणीतरी म्हणतो, "संपला का तो?"

हे वाक्य आलं की तो संपलेला नाही. जपानीत याचं 'यात्ता का' हे रूप इतकं मुरलं आहे की तिथले वाचक ते विनोद म्हणून वापरतात. धूर विरतो, आत खलनायक उभा असतो, सदरा फाटलेला, गालावर एक ओरखडा, चेहऱ्यावर शेजारच्या गाडीने चिखल उडवला असावा तेवढीच नाराजी. प्रेत चौकटीत दिसेपर्यंत सुतक धरायचं नाही. दिसलं तरी दहा दिवस थांबावं.

धुराचं आणखी एक कारण आहे आणि ते कळल्यापासून माझा चित्रकारांवरचा जीव दुप्पट झाला. धूर काढला की मागचं गाव काढावं लागत नाही. 'शोनेन जंप'सारख्या साप्ताहिकात दर आठवड्याला १९ पानांच्या आसपास द्यायची असतात. तोरियामांनी स्वतः सांगितलं आहे की शहरं काढायचा कंटाळा यायचा, म्हणून लढाई माळरानावर न्यायची किंवा शहरच लवकर उडवून द्यायचं. 'ड्रॅगन बॉल'च्या नायकाचे केस काळ्या शाईने भरण्यात त्यांच्या मदतनिसाचा फार वेळ जायचा. मग नायकाला असं परमरूप दिलं की त्यात केस सोनेरी होतात, म्हणजे छापील पानावर कोरे. जगभरच्या पोरांनी भिंतीवर लावलेलं ते तेजस्वी रूप शाईच्या बचतीतून आलं. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

चूक पाचवी: संजयला हाकलणे

प्रत्येक लढाईत कडेला एकजण हात बांधून उभा असतो. "हा तर उत्तरेकडच्या पंथाचा तिसरा डाव! पण तो दोनशे वर्षांपूर्वीच लुप्त झाला होता!" नवे वाचक त्याला वैतागतात. 'तू मदत का करत नाहीस?' असा रास्त प्रश्नही विचारतात. पण तो संजय आहे. तो नसेल तर आपण धृतराष्ट्र. स्थिर चित्रांमध्ये कोण किती वेगाने हलला हे आपल्याला दिसत नाही, ते त्यालाच दिसतं.

त्याहून राग येतो तो स्वतःच्याच अस्त्राचं रहस्य शत्रूला समजावून सांगणाऱ्यांचा. परीक्षेत कॉपी लपवून आणायची आणि मग उभं राहून सरांना चिठ्ठी वाचून दाखवायची, तसलाच प्रकार. पण गेगे आकुतामी यांनी 'जुजुत्सू काइसेन'मध्ये (२०१८ ते २०२४) या खोडीचा चक्क नियम केला. आपली विद्या कशी चालते हे शत्रूला सांगितलं तर ती विद्या अधिक बळकट होते, कारण आपण आपलं गुपित डावावर लावलं. वर्षानुवर्षं वाचक ज्या गोष्टीवर हसत होते तिलाच शस्त्र बनवलं. याला म्हणतात कारागिरी. तेव्हा कोणी फुगेच्या फुगे भरून बोलायला लागला तर पान उलटायची घाई करू नका. त्या बडबडीत एक अट दडलेली असते आणि तिसऱ्या प्रकरणात तो तिच्यामुळेच हरतो.

चूक सहावी: बालपण वाचून हळवं होणे

ऐन मारामारीत एखाद्या दुय्यम पात्राचं बालपण सुरू झालं, चौकटींच्या कडा काळ्या झाल्या, आई पाठमोरी दिसली, की रुमाल घ्या आणि त्याच्यात जीव गुंतवू नका. "इथून परतलो की त्या दुकानात रामेन खाऊ" असं म्हणाला तर तो गेलाच. दुकानदाराने त्याचा वाडगा काढूच नये.

चूक सातवी: रविवारी रात्री साडेआठला पाहुणे बोलावणे

जपानमध्ये सोमवार उजाडतो तेव्हा आपल्याकडे रविवारचे साडेआठ वाजलेले असतात. शुएइशा या प्रकाशनाच्या 'मांगा प्लस' ॲपवर २०१९ पासून जंपमधली नवी प्रकरणं त्याच घटकेला येतात, ताजी तीन फुकट वाचता येतात. मराठी घरात ही वेळ नेमकी आमटीला फोडणी पडायची. भाचा ताटावर येत नाही, बहीण ओरडते, आणि तो सांगतो की एकजण मरतोय.

एकोणीस पानं वाचायला त्याला चार मिनिटं लागतात. मग "यात काहीच झालं नाही" म्हणून तो आठवडाभर कुरकुरतो. झालेलं असतं, पण त्याने फक्त फुगे वाचलेले असतात. माझा सल्ला त्याने कधी ऐकला नाही, तुम्ही ऐकून बघा. लढाई सुरू झाली की चार-पाच आठवडे प्रकरणं साठू द्या आणि एकदम बसा. तेव्हा कळतं की पहिल्या पानावर दुखावलेला डावा खांदा चित्रकार विसरलेला नव्हता, ऐंशी पानांनंतर वार चुकतो तो त्याच खांद्यामुळे. सुटी सुटी वाचताना खांदा कोणाच्या लक्षात राहतो? आणि मधल्या काळात ज्या मित्रांना पुढचं सांगायची खाज आहे त्यांचे फोन घेऊ नका.

एवढं सगळं शिकल्यावर परवा मी तो पहिला खंड पुन्हा काढला. उजवीकडून, वरून खाली, रुंद पट्ट्यांना मान देत, आवाजांसकट. दोघे आपापल्या वाटेने आले, थोड्या शिव्या झाल्या, तलवार निघाली, छातीत गेली, राक्षस पडला. मी समाधानाने पुस्तक मिटलं आणि भाच्याला म्हटलं, "मेला एकदाचा."

"शेवटच्या चौकटीत धूर आहे ना, मामा?"

मी पुन्हा उघडून पाहिलं. होता. कोपऱ्यात, जरासाच.

दुसरा खंड त्याच्या मित्राकडे आहे आणि तो मित्र दिवाळीपर्यंत गावी गेलाय.