डोंगर-समुद्र एकाच दिवसात? आधी ओहोटीची वेळ बघा

डोंगर आणि समुद्र दोन्ही एकाच दिवसात करायचं असेल तर प्लॅन व्ह्यू पॉइंटपासून नाही, ओहोटीपासून सुरू करा, कारण ती वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि कड्याखालच्या गुहा बघायच्या तर ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी खाली उतरायचं, पाणी वळलं की फोटोबिटो राहू दे, सरळ वर या. माथ्याचं मात्र ढगांच्या मर्जीवर. समुद्रावरचं दमट वारं डोंगर चढताना गार होतं आणि ढग धरतो, खाली लख्ख ऊन अन् वर शेजारचा माणूस दिसत नाही (तासभर रेलिंगला टेकून बसलोय असा). त्यामुळे उरलेल्या वेळात माथा मोकळा दिसला की लगेच निघा. जॅकेट घ्याच, हजार मीटरला साधारण 6 अंश गारठा वाढतो.