ग्रँड कॅन्यन म्हणजे उलटा गड, या चुका टाळा

आपल्याकडे कसं, गड आधी चढायचा, दमलो तर मागे फिरायचं, उतार फुकटात. इथे सगळं उलटं, आधी दरीत उतरायचं, मग चढून परत यायचं. सकाळी गार वारा, पाय आपोआप पळतात आणि खरा चढ लागतो तेव्हा ऊन डोक्यावर आणि बाटली रिकामी. आम्ही नेमकं हेच केलं. जूनमधे साउथ कैबाब ट्रेलवर "जरा ऊ आ पॉइंटपर्यंत जाऊन येऊ" म्हणून निघालो आणि गप्पा मारत सीडर रिजला कधी पोचलो कळलंच नाही, दीड मैल आणि जवळपास 340 मीटर खाली, म्हणजे निम्मा सिंहगड समजा, आणि पाठीवर दोन किलोचा ट्रायपॉड जो एकदाही उघडला नाही. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा, आणि उन्हाळ्यात 10 ते 4 चढ टाळाच, कारण खाली जाल तसं तापत जातं.

कैबाबवर वाटेत पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या वाटेवर, ब्राइट एंजल ट्रेलवर, नळ आहेत, पण पाइपलाइन फुटते, त्यामुळे चालू आहेत का हे निघायच्या आधी विचारून घ्या. नुसतं पाणी ढोसणं हीपण चूक, घामातून मीठ जातं, मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून तो अजून पितो! खारे शेंगदाणे, चिवडा ठेवा आणि खात रहा.

आता फोटो. भर दुपारी दरी सपाट, धुरकट दिसते, कॅमेऱ्याचा दोष नाही तो. वाइड लेन्सने एवढी मोठी दरी चिमुकली होते, 70-200 झूम लेन्स लावा आणि एखाद्या कड्यावर पडलेली तिरपी सावली पकडा. वाइडवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावलात तर आकाशात गडद निळा डाग येतो, तो नंतर जाता जात नाही. सूर्य बुडाला की सगळे शटलकडे धावतात, तुम्ही वीस मिनिटं थांबा (शेवटची बस बघून बरं का).

पेज गावाकडून येत असाल तर फोनवर विसंबून अलार्म लावू नका. ग्रँड कॅन्यन ज्या राज्यात आहे ते ऍरिझोना उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही पण शेजारची नावाहो नेशन (नावाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश) करते, त्यामुळे तेव्हा फोन मधेच तासभर उडी मारतो.

आणि खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं रहा, दरीच्या नाही, फ्रेम कितीही भारी असली तरी.