धाड पडली तर: पिटा कायद्यात कोण कुठे अडकतं

सज्ञान बाईने स्वखुशीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं १९५६ च्या पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात गुन्हा नाही. अडकवतात ती आजूबाजूची कलमं. सोबत हवी म्हणून दोघींनी एकाच खोलीत धंदा केला की ती खोली कुंटणखाना ठरू शकते. आईच्या कमाईवर जगणारा १८ वर्षांवरचा मुलगाही कलम ४ मध्ये येतो, हे तर अजबच. शाळा, देऊळ, दवाखान्यापासून २०० मीटरच्या आत गिऱ्हाईकही सुटत नाही.

वयाचा दाखला कागदावर जवळ ठेवा. मोबाइल जप्त झाला की त्यातला फोटो उपयोगाचा नाही, आणि वयाची शंका आली की रवानगी सुधारगृहात. धाडीत किमान दोन महिला पोलीस हव्यात. पंचनामा वाचून घ्या, रोकड मोजून आकडा जुळला तरच सही करा. त्यात निरोधची पाकिटं लिहिली असतील तर वकिलाला लगेच सांगा: मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार निरोध गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० लावा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.